घरात किंवा मैदानात कुणी कोसळलं तर पहिली दहा मिनिटं काय करायचं : हार्ट अटॅकची लक्षणं आणि सीपीआर, पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

घशातून घरघर आवाज येत होता म्हणून आम्हाला सगळ्यांना वाटलं की श्वास चालू आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या डोंबिवलीतल्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे एक काका, साठीच्या आतबाहेरचे, चालता चालता खाली बसले आणि आडवे झाले. आम्ही सात-आठ जण जमलो, एकाने तोंडावर पाणी मारलं, एकाने तळपाय चोळले, कुणीतरी म्हणालं फिट आलीय, चप्पल हुंगवा. काकांचं तोंड उघडं होतं आणि मध्येच एकदम मोठा आचका यायचा, मग काही नाही, मग परत एक आचका. मी स्वतः म्हणाले, "श्वास आहे, श्वास आहे, रिक्षा बोलवा." काका गेले. नंतर मी सीपीआरच्या, म्हणजे थांबलेल्या हृदयावर बाहेरून छाती दाबण्याच्या, ट्रेनिंगला गेले तेव्हा पहिल्याच अर्ध्या तासात कळलं की तो श्वास नव्हताच, हृदय बंद पडल्यावर मेंदू शेवटची धडपड करतो तेव्हा असे आचके येतात, आणि नेमकं तेव्हाच छाती दाबायला सुरुवात करायची असते. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, पण तेव्हापासून ट्रेनिंग दोनदा केलंय आणि आता आमच्या सोसायटीत नवीन लोकांना बेसिक गोष्टी मीच समजावून सांगते. हे वाचून सीपीआर येईल असं मी म्हणणार नाही, हात बसायला पुतळ्यावर सराव लागतोच, पण निदान गोंधळ कमी होईल आणि सुरुवात करायची हिंमत येईल.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया

आपण सरसकट सगळ्याला "अटॅक आला" म्हणतो. पण हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत रक्ताची गाठ अडकली, त्यामुळे हृदयाच्या एका भागाला रक्त मिळत नाही. माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, बोलत असतो, दुखतंय म्हणून सांगत असतो. याला सीपीआर द्यायचा नसतो, याला लवकरात लवकर हॉस्पिटलला पोचवायचं असतं.

दुसरं म्हणजे हृदयच थांबणं, कार्डिॲक अरेस्ट. माणूस बेशुद्ध, हलत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके. इथे सीपीआर, ताबडतोब. पहिल्यातून दुसरं कधीही होऊ शकतं, बोलता बोलता, जिन्यात, रिक्षात, म्हणून दोन्ही माहीत पाहिजेत. शॉक लागून, बुडून, गुदमरूनही हृदय थांबतं, त्याला अटॅक यायलाच हवा असं काही नाही.

लक्षणं, आणि "पित्त झालंय" हे वाक्य

सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कळवळणं दरवेळी नसतं. बरेच लोक "दुखतंय" म्हणतच नाहीत, ते म्हणतात छाती जड झालीय, दगड ठेवल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, जळजळतंय. छातीच्या मधोमध, आणि तिथून डाव्या हातात, कधी दोन्ही हातात, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये, कधी वर पोटात बेंबी आणि छातीच्या मध्ये. हात भरून आल्यासारखा वाटतो. सोबत दरदरून घाम, थंड घाम, पंखा चालू असताना बनियन पिळून काढावं असा. दम लागतो, मळमळ होते, उलटी होते, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि जीव घाबरतो, म्हणजे माणूस अस्वस्थ होऊन सारखा उठतो बसतो, काहीतरी भयंकर होणार असं त्याला वाटत राहतं.

यातलं काहीही पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकलं, किंवा थांबून थांबून परत येतंय, किंवा चालल्यावर वाढतंय आणि बसल्यावर कमी होतंय, तर ते पित्त आहे की गॅस आहे हे घरी ठरवायचं नाही. ते ईसीजी ठरवेल.

माझ्या मामाचं सांगते. गणपतीत दुसऱ्या दिवशी, वय चोपन्न, जेवण जरा जड झालेलं, दुपारी तीनला छाती जड वाटायला लागली. घरात पाहुणे. मामा म्हणाला पित्त आहे. इनो घेतलं, ढेकर आली, सगळे म्हणाले बघ गेलं. मग कोकम सरबत. मग मामीने पाठ चोळून दिली. मग "जरा पडतो." सहा वाजता घामाने उशी भिजली तेव्हा कुठे मुलाने गाडी काढली. ब्लॉकेज निघालं, अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे अडकलेली नळी आतून उघडली, मामा आज आहे, पण हृदयाचा जो भाग त्या तीन तासात मेला तो परत आला नाही, आता दोन जिने चढला की थांबतो. हॉस्पिटल घरापासून वीस मिनिटांवर होतं! तीन तास गेले ते रस्त्यात नाही, घरातल्या दिवाणावर गेले, आणि मी जितक्या लोकांशी यावर बोललेय त्या बहुतेकांची गोष्ट हीच आहे.

ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नाही, हा समज डोक्यातून काढून टाका. गाठ अडकलेली असताना पण मळमळ, ढेकर, पोट फुगल्यासारखं वाटणं होतं.

बायका, डायबेटिस असलेले आणि सत्तरीपुढचे लोक, यांच्यात छातीत दुखणं कमी किंवा नसूही शकतं. नुसता दम, विचित्र थकवा, जबडा, पाठ, उलटी. आमच्या ओळखीतल्या एक काकू दाढ दुखतेय म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, त्या डॉक्टरांनी दाढ बघितली, ठीक होती, मग विचारलं की चालताना वाढतं का, आणि सरळ ईसीजीला पाठवलं. त्या डॉक्टरांचे उपकार. घरातली बाई "मला काही नाही, जरा दमलेय" म्हणते तेव्हा तिचं ऐकू नका, प्लीज, तिचा चेहरा बघा.

आणि वय कमी आहे म्हणून पण सोडू नका. २००४ साली आलेल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो. चाळीशीतला, तंबाखू खाणारा, शुगर असलेला, वडिलांना कमी वयात अटॅक आलेला मुलगा "छातीत जड वाटतंय" म्हणाला तर तेवढंच सिरीयस घ्यायचं.

माणूस शुद्धीत आहे, लक्षणं आहेत, मग काय करायचं

१०८ ला फोन. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ ला सुरू झाली, फुकट आहे. ११२ लावला तरी चालतं. फोन करणाऱ्याने पहिल्या वाक्यात सांगायचं, "छातीत दुखतंय, घाम येतोय, हार्ट अटॅक वाटतोय," मग पत्ता, जवळची खूण, मजला, लिफ्ट आहे की नाही. फोन आपण ठेवायचा नाही, ते ठेवतील.

पेशंटला बसवा, अर्धवट टेकवून, गुडघे वाकवून, जसं त्याला बरं वाटेल तसं. कपडे सैल करा. चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही, बाथरूमला पण एकटं पाठवायचं नाही. आमच्याकडे जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही, चार मजले, तिथे हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी खुर्चीसकट खाली आणायचं, एक जण पुढे पायऱ्या सांगत. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला जाणं तर अजिबात नाही, वाटेत शुद्ध गेली तर त्याच्यासोबत अजून चार जणांचा जीव जाईल.

ॲस्पिरिनबद्दल सगळे विचारतात. ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा कुठून रक्त जात नसेल, लकवा मारल्यासारखं काही दिसत नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायची, अख्खी गिळायची नाही, चावल्याने लवकर लागू पडते. शंका असेल तर १०८ वरच्या माणसाला विचारा. आणि गोळी शोधायला सगळं घर उलथंपालथं करत बसू नका, फोन आधी.

सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची गोळी बरेच जण खिशात घेऊन फिरतात आणि शेजाऱ्याला पण देतात. असं नका करू. ती ज्याला डॉक्टरने लिहून दिलीय त्यानेच, बसून घ्यायची. बीपी आधीच कमी असेल तर ती घेतल्यावर एकदम पडू शकतो, आणि व्हायग्रासारखी गोळी एक-दोन दिवसात घेतली असेल तर धोका खूप मोठा आहे. पुरुष हे लाजून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोका, हृदय चालू राहील? ते घरी करायचं नाही. त्या खोकण्यात फोन करायचा वेळ जातो. लाल मिरचीचं पाणी, लसूण, हेही नको.

कुठे न्यायचं हे आजच ठरवा. म्हणजे खरंच, हे वाचून झाल्यावर जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलना फोन करा आणि विचारा की रात्री दोन वाजता ईसीजी होईल का, अँजिओप्लास्टीची सोय, म्हणजे कॅथलॅब, २४ तास चालू असते का. नसेल तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता का. गावाकडे असाल तर ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात हेच विचारा. नाव मोठं, बिल्डिंग मोठी, पण रात्री डॉक्टर नाही, अशा ठिकाणी एकदा नेलं की तिथून दुसरीकडे हलवण्यात परत तास जातो, आमच्या नात्यात हे झालंय.

पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच आहे तर घरी यायचं नाही. थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगा, रक्ताची ट्रोपोनिनची टेस्ट, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी, ती पण काही तासांनी परत करावी लागते कारण सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते.

आता सीपीआर

माणूस कोसळला. आधी एक सेकंद थांबून आजूबाजूला बघा. वायर तुटलीय का, गीझरचा शॉक असेल का, गॅसचा वास येतोय का. शॉकची शंका असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग दोन्ही खांदे जोरात थोपटा आणि मोठ्याने हाक मारा, "काका, ऐकू येतंय का, डोळे उघडा." हळू आवाजात नको, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या जोरात, त्यात दोन कामं होतात, माणसं पण जमतात.

उत्तर नाही? छातीकडे बघा, खालीवर होतेय का. दहा सेकंद, त्यापेक्षा जास्त नाही. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या हाताला स्वतःचीच नाडी लागते आणि वाटतं की आहे. आणि आता ते मैदानावरचं परत सांगते कारण माझ्या मते या सगळ्या लेखात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे : तोंड उघडून, मधूनमधून, घोरल्यासारखा, माशासारखा जो आचका येतो तो श्वास नाही. पहिल्या एखाद-दुसऱ्या मिनिटात हातपाय झटके पण देऊ शकतात, फिट आल्यासारखे. झटके थांबले आणि माणूस नीट श्वास घेत नाहीये, तर ते हृदय थांबलंय असंच धरायचं. चप्पल, कांदा, पाणी, काही नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, अगदी गंगाजल सुद्धा.

बोट दाखवून काम वाटा. "कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हटलं की कुणीच बोलवत नाही. "निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा, स्पीकरवर टाका. ताई, तुम्ही खाली जाऊन गेट उघडून उभ्या राहा. दादा, तुम्ही लिफ्ट धरून ठेवा." एकटे असाल तर फोन स्पीकरवर, जमिनीवर, कानाशी, आणि हात छातीवर.

जमिनीवर, पाठीवर झोपवा. गादीवर, सोफ्यावर, दिवाणावर दाबून काही होत नाही, गादीच दबते. उचलता येत नसेल तर चादरीसकट खाली ओढा. बरेच लोक बाथरूममध्ये पडतात आणि तिथे गुडघे टेकायला जागा नसते, काखेत हात घालून बाहेर पॅसेजमध्ये ओढा, थोडं खरचटलं तरी चालेल.

छातीच्या बाजूला गुडघ्यांवर बसा, गुडघे थोडे फाकवून, त्याच्या अंगाला चिकटून. एका हाताचा तळवा, मनगटाजवळचा जाड भाग, छातीच्या मधल्या हाडावर, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवा. डाव्या बाजूला नाही हं, हृदय डावीकडे म्हणून सगळे डावीकडे हात ठेवतात. मधोमध. दुसरा हात त्याच्यावर, बोटं एकमेकांत अडकवून वर उचललेली, म्हणजे जोर फासळ्यांवर जाणार नाही. कोपरं सरळ, लॉक. खांदे हाताच्या बरोबर वर. आता हाताने दाबायचं नाही, कमरेतून पुढे येऊन अंगाचं वजन टाकायचं. ट्रेनिंगमध्ये मी पहिल्या मिनिटात दंडाच्या ताकदीने दाबत होते आणि चाळीसाव्या दाबालाच हात थरथरायला लागले, मग शिकवणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमनी माझी कोपरं मागून धरून सरळ केली आणि म्हणाल्या, जात्यावर बसल्यासारखं कमरेतून या. तेव्हा पहिल्यांदा पुतळ्यातून "टक" असा आवाज आला, म्हणजे दाबाची खोली बरोबर झाली.

खोली किती, तर मोठ्या माणसात पाच सेंटीमीटर, सहाच्या वर नाही. काडेपेटी उभी धरली तर जवळपास तेवढी. बघताना वाटतं एवढं कसं दाबायचं, पण लागतं. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हात उचलायचा नाही पण टेकून राहायचं नाही, कारण छाती वर येते तेव्हाच हृदयात परत रक्त भरतं. दमल्यावर सगळ्यांची हीच चूक होते.

वेग मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदात. मोठ्याने मोजा, पण मराठीत तीसपर्यंत मोजू नका, "एकोणतीस" म्हणता म्हणता ताल जातो, "एक ते दहा" तीनदा म्हणा. मी घरी मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे टिकटिक करून ताल देणारं, ॲप ११० वर लावून कडक उशीवर सराव केला, आठवडाभर, आता ताल हातात बसलाय. जिवंत माणसावर सराव करायचा नाही, गंमत म्हणून सुद्धा नाही.

थांबायचं नाही, हे का ते समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. पहिले काही दाब रक्ताचा दाब हळूहळू वर आणतात, पंपाने टाकीत पाणी चढवावं तसं, तेव्हा कुठे हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांत आणि मेंदूत रक्त जायला लागतं. थांबलात की दोन-तीन सेकंदात तो दाब खाली, परत पहिल्यापासून चढवा. म्हणून श्वास आला का, डोळे उघडले का, हे दर मिनिटाला तपासत बसू नका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, म्हणजे साधारण सव्वादोनशे दाबांनंतर, कारण आपल्याला वाटतं आपण नीट दाबतोय पण खोली कमी झालेली असते. दुसऱ्याने आधीच समोरच्या बाजूला गुडघे टेकून तयार राहायचं, शेवटचे दहा मोजून होताच हात बदलायचे.

तोंडाने श्वास द्यायचा का? तुम्ही शिकलेले असाल आणि तयारी असेल तर ३० दाब, २ श्वास. नसेल तर नुसते दाब, न थांबता. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने जी इंडियन रिससिटेशन कौन्सिल झाली, तिने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी नुसत्या दाबांचीच पद्धत सांगितली, कोल्स म्हणतात तिला, आणि आमचं ट्रेनिंग तेच होतं. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन असतो, तो फिरवणं हे खरं काम. अपवाद लहान मुलं आणि बुडालेली माणसं, तिथे ऑक्सिजनच संपलेला असतो म्हणून श्वास द्यावे लागतात. कोकणात, नदीकाठी, विहिरींच्या गावात राहणाऱ्यांनी श्वासाचं ट्रेनिंग आवर्जून घ्यावं. बुडालेल्याचं पोट दाबून पाणी काढायचं, उलटं धरून फिरवायचं, हे नको, त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जातं.

बाई असेल तर लोक मागे सरतात, हात कुठे ठेवू, लोक काय म्हणतील. हा विचार करायला तेव्हा वेळ नाही. पदर बाजूला, मंगळसूत्र खांद्याकडे सरकवा कारण वाट्या बरोबर हाताखाली येतात आणि रुततात, आणि दाबा. दुसऱ्या बायकांनी ओढणी-चादर धरून आडोसा करा, दाबणाऱ्याला थांबवू नका. गरोदर असेल तरी दाबायची जागा तीच, फक्त दुसऱ्या कुणीतरी पोट हाताने तिच्या डावीकडे ढकलून धरायचं.

मुलांमध्ये खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण पाच सेंटीमीटर, एका हाताने जमतं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून दोन अंगठ्यांनी, चार सेंटीमीटर. बाळांचं मात्र नुसतं वाचून करू नका, छोट्या पुतळ्यावर शिका.

फासळी मोडली तर? मोडते, बऱ्याचदा मोडते, हाताखाली कट्ट असा आवाज येतो आणि पोटात गोळा येतो. हात जागेवर आहेत का बघा आणि चालू ठेवा. फासळी जुळते. हृदय थांबलेलं असताना काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते, आणि चार-सहा मिनिटांनी मेंदूला इजा व्हायला लागते. ॲम्ब्युलन्स कितीही लवकर आली तरी चार मिनिटात चौथ्या मजल्यावर येत नाही. तुम्ही चुकीचं कराल म्हणून जेवढं घाबरताय त्यापेक्षा न करण्यात नुकसान जास्त आहे.

आणि आपण चुकून जिवंत हृदयावर दाबलं तर? माणूस कण्हेल, हात ढकलेल, थांबा. बस एवढंच.

एईडी मशीन, म्हणजे हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र, मिळालं तर, विमानतळावर, काही ऑफिसांत, मोठ्या जिममध्ये असतं, तर घाबरू नका, झाकण उघडून चालू केलं की ते बोलतं. छाती उघडी करून घाम पुसा, एक पॅड उजव्या बाजूला गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेच्या खाली बरगडीवर, चित्र काढलेलं असतं. मशीन तपासत असताना आणि शॉक देताना कुणीही हात लावायचा नाही. शॉक गरज असेल तरच ते देतं. शॉक झाला की लगेच परत दाब. पॅड लावेपर्यंत पण दाब थांबवायचे नाहीत.

कधी थांबायचं : माणूस हलला, नीट सलग श्वास घ्यायला लागला; किंवा ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी ताबा घेतला; किंवा तुमच्यात खरंच त्राण उरलं नाही. श्वास आला पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी आली तर बाहेर येईल, आणि डोळा ठेवा, परत थांबू शकतं. रिक्षात किंवा कारच्या मागच्या सीटवर कोंबून पळू नका, तिथे दाबता येत नाही आणि पोचेपर्यंत सगळं संपतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जमिनीवर दाबत राहणं हाच उपचार आहे.

शिकायचं कुठे

रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे कोर्स असतात. त्याशिवाय जवळच्या मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात जाऊन विचारा, किंवा ओळखीच्या भूलतज्ज्ञाला सांगा की आमच्या सोसायटीत या, बरेच जण आनंदाने येतात. दोन तास पुरतात, पण पुतळा प्रत्येकाच्या हाताखाली आला पाहिजे, नुसते स्लाईड दाखवून टाळ्या वाजवणारं ट्रेनिंग नको. वीस जणांना निदान दोन-तीन पुतळे. वॉचमन, घरकाम करणाऱ्या मावशी, दहावीची मुलं, यांना आवर्जून बसवा, दुपारी घरात म्हाताऱ्या माणसांसोबत तेच असतात.

पुतळ्याबद्दल एक. नॉर्वेचा खेळणी बनवणारा आस्मुंड लारडाल, त्याने १९६० मध्ये हा पहिला पुतळा बनवला, त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी छाती न उघडता बाहेरून दाबायची ही पद्धत छापून जगापुढे आणली होती. पुतळ्याला त्याने जो चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत बुडून मेलेल्या एका अनोळखी मुलीचा म्हणून सांगतात. मला हे मॅडमनी पुतळा पुसता पुसता सांगितलं आणि त्यानंतर मी त्या पुतळ्याला कधी "ते" म्हणू शकले नाही.

दर सहा महिन्यांनी परत हात लावा, विसरायला होतं. आम्ही दाराच्या मागे एक कागद चिकटवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात १०८, पूर्ण पत्ता खुणेसकट, बाबांच्या गोळ्यांची नावं, ॲलर्जी, रात्री चालू असणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर, आणि खाली लाल स्केचपेनने आईच्या हस्ताक्षरात, "आचके म्हणजे श्वास नाही. दाबा."